पावसाळ्यातली मोठी गोगलगाय : वाडीत, चाळीत, सोसायटीत काय करायचं?

मुंबईत पाऊस रुळला की दादरच्या हिंदू कॉलनीपासून गिरगावातल्या वाड्यांपर्यंत तक्रार एकच असते. रात्री जिन्याखाली, कुंपणाच्या भिंतीवर, तुळशीच्या कट्ट्याभोवती बोटभर लांब शंखाच्या गोगलगायी फिरतात आणि सकाळी झेंडूच्या रोपांचे नुसते दांडे उरलेले दिसतात. मग कोणी मीठ टाकतं, कोणी फिनेल ओततं, कोणी खराट्याने सगळ्या गटारात लोटून देतं. आठवडाभराने तितक्याच पुन्हा हजर होतात.

भिंतीवर दिसते तिच्यावर आपण तुटून पडतो, पण खरा साठा मातीत असतो, अंड्यांच्या आणि पिल्लांच्या रूपात. ही माती इमारतीत येते कुठून, थांबते कुठे आणि बाहेर जाते कशी, एवढ्यावर लक्ष ठेवलं तर बिनविषारी उपायांनी, फारसा खर्च न करता ही गोगलगाय दोन-तीन पावसाळ्यांत आटोक्यात येऊ शकते.

आधी ओळख पटवा

हिचं नाव आफ्रिकन राक्षसी गोगलगाय. मराठवाड्यातले शेतकरी हिला शंखी गोगलगाय म्हणतात. शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका, जुन्या पुस्तकांत अ‍ॅकॅटिना फुलिका. शंख लांबट, एका टोकाला निमुळता, तपकिरी, आणि त्यावर गडद उभे पट्टे. पूर्ण वाढ झालेल्या शंखाला 7 ते 9 वेढे असतात. आपल्याकडे साधारण 5 ते 10 सेंटिमीटरच्या दिसतात, पण ही जात 20 सेंटिमीटरपर्यंतही वाढू शकते. पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभर असलं तरी त्याचा शंख उंचट आणि टोकदारच असतो. ही खूण लक्षात ठेवा, कारण कुंडीत आधी पिल्लंच सापडतात.

पावसात दिसणारी प्रत्येक गोगलगाय मात्र शत्रू नाही. चपट्या, चकचकीत, मधाळ रंगाच्या शंखाच्या, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या गोगलगायी इथल्याच आहेत. त्या बहुतेक कुजका पाला खातात. कुंडीच्या मातीत नखाएवढ्या, बारीक आणि लांबट पांढुरक्या शंखाच्याही सापडतात, त्यांनी झाडाचं फारसं बिघडत नाही. पश्चिम घाटाच्या पट्ट्यात तर डाव्या बाजूला वळलेल्या शंखाच्या स्थानिक जाती आहेत. या सगळ्यांना सोडून द्या. सरसकट मारत सुटलं तर आधी याच संपतात, कारण त्यांची पिल्लावळ कमी असते. जुन्या चाळीच्या मोरीत जी काळी, चपटी, बिनशंखाची गोगलगाय येते ती वेगळी. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

कलकत्त्याच्या बागेतून

ही मूळची पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची, केनिया-टांझानियाकडची. तिथून माणसांबरोबर ती मादागास्करला आणि मॉरिशसला पोहोचली. भारतात आली 1847 साली. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी विल्यम हेन्री बेन्सन याला शंखशिंपल्यांचा नाद होता. त्याने मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या चौरंगीच्या एका बागेत मोकळ्या झाल्या. आज देशभर दिसतात त्यांची सुरुवात तिथून झाली असं मानतात. नंतरच्या शंभर वर्षांत ती श्रीलंका, मलाया, जावा असं करत पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी सैन्याने तिला खाद्य म्हणून बेटाबेटांवर नेलं. जगातल्या 100 सर्वांत घातक परक्या जीवांच्या यादीत तिचं नाव आहे.

या प्रवासात ती स्वतः चालली ते फार थोडं. एका रात्रीत तिची मजल काही मीटरांची. लालबागहून गिरगावला तिला सरपटत यायचं म्हटलं तर रेल्वेचे रूळ आणि डांबरी रस्ते ओलांडावे लागतील. ती येते कुंडीतून, मातीच्या गोणीतून, रेतीच्या ट्रकमधून, केळीच्या पानांच्या भाऱ्यातून.

अमेरिकेतलं फ्लोरिडाचं उदाहरण प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीने वाचावं असं आहे. 1966 साली एका मुलाने हवाईहून 3 गोगलगायी मायामीत आणल्या. आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत तिथे 18,000च्या वर गोगलगायी सापडल्या. त्या संपवायला 1975 साल उजाडलं आणि सुमारे 10 लाख डॉलर लागले. 2011 साली मायामीत त्या पुन्हा निघाल्या. या खेपेला दहा वर्षं मोहीम चालली, वास काढणारे प्रशिक्षित कुत्रे वापरले, दीड लाखाहून जास्त गोगलगायी वेचल्या, तेव्हा कुठे 2021 साली सुटका जाहीर झाली. पुढच्याच वर्षी त्याच राज्यातल्या दुसऱ्या एका काउंटीत त्या सापडल्या.

एकटी गोगलगाय पुरते ती का

या गोगलगायीत नर आणि मादी असे वेगळे जीव नसतात. प्रत्येकीच्या शरीरात दोन्ही अवयव असतात. दोघींचं मीलन झालं की दोघीही अंडी घालू शकतात. शिवाय मिळालेलं बीज ती कित्येक महिने अंगात साठवून ठेवते आणि जोडीदार नसतानाही त्यावर पुन्हा अंडी घालते. म्हणजे नर्सरीतून आणलेल्या जास्वंदीच्या कुंडीत तळाशी एकच मोठी गोगलगाय बसलेली असली तरी तुमच्या वाडीचं काम झालं.

एका वेळेला ती 100 ते 400 अंडी घालते, वर्षात असे अनेक घोस. वर्षाची बेरीज हजारावर सहज जाते. अंडी मातीत काही सेंटिमीटर खोल, ओलसर जागी, कुंडीच्या बुडाशी किंवा विटांच्या खाली असतात. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी दिसतात, पिवळट पांढरी, 4-5 मिलिमीटरची, एकमेकांना चिकटलेली. मुंबईच्या उबदार पावसाळ्यात ती एक ते तीन आठवड्यांत फुटतात. पिल्लं आधी स्वतःची टरफलं खातात, काही दिवस मातीतच राहतात आणि मग वर येतात. सहा महिन्यांच्या आसपास ती स्वतः अंडी घालायच्या वयाची होतात. आयुष्य साधारण 3 ते 5 वर्षांचं.

जूनच्या मध्यावर पहिल्या जोरदार पावसात ज्या बाहेर पडतात त्यांनी जुलैच्या सुरुवातीला अंडी घातलेली असतात. जुलैअखेर पिल्लं फिरू लागतात. आपण जागे होतो ऑगस्टमध्ये, पानं चाळणीसारखी झाल्यावर. तोपर्यंत मोठ्या दहा मारून काही साधत नाही.

दुसरी गोष्ट तिच्या उन्हाळ्याची. ऑक्टोबरचं ऊन लागलं की ती शंखात शिरते आणि तोंडावर पातळ, पांढुरका, चुनखडीचा पडदा ओढून बसते. याला ग्रीष्मनिद्रा म्हणतात. कुंडीच्या बुडाला, पत्र्याच्या आडोशाला, भिंतीच्या भेगेत, टाकीमागे, जुन्या चपलांच्या ढिगात ती मेल्यासारखी चिकटून असते. महिनोन्महिने तशीच राहते, आणि पाण्याचा हबका बसला की पडदा फोडून बाहेर.

या भागात तिला काय सापडतं

गिरगाव, दादर, परळ, लालबाग हा भाग तिला मानवतो, याची कारणं आपल्या घरांच्या बांधणीतच आहेत. तिच्या शंखाला चुना लागतो आणि तो ती भिंतीतून मिळवते. जुन्या वाड्या-चाळींच्या भिंती चुन्याच्या, गिलावा ओला होऊन सुटलेला. रात्री बॅटरी मारून जवळून पाहा. भिंतीवर पसरलेल्या चकाकत्या ओघळाच्या टोकाला ती स्थिर दिसते, पण तिचं तोंड सतत हलत असतं. जिभेवरच्या हजारो सूक्ष्म दातांनी ती गिलावा खरवडत असते. सकाळी तिथे फिकट, खडबडीत चकत्या उरतात. सिमेंटचा रंगही ती सोडत नाही.

गल्लीतल्या दोन इमारतींमधली हाऊसगल्ली, जिथे ऊन पोहोचत नाही आणि वरून कचरा पडतो, ती तर तिला हक्काची जागा. त्यात 1982च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनी, पुनर्विकासासाठी पत्रे ठोकून वर्षानुवर्षं पडून राहिलेले भूखंड, त्यांतलं रान. पत्र्याच्या अलीकडे कितीही स्वच्छता ठेवा, पलीकडून येतच राहतात. अशा ठिकाणी विकासकाला सोसायटीने लेखी कळवावं आणि महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात प्रत द्यावी. परळ-लालबागला एफ साऊथ, हिंदू कॉलनीला एफ नॉर्थ, पश्चिम दादरला जी नॉर्थ. गिरगावचा मोठा भाग डी वॉर्डात येतो. तक्रारीत गवत, राडारोडा आणि उंदीर यांचा उल्लेख करा. नुसत्या गोगलगायीच्या तक्रारीवर कोणी हलत नाही, उंदरांच्या तक्रारीवर कीटकनाशक विभागाला यावं लागतं. आणि उंदरांचा इथे अगदी जवळचा संबंध आहे.

उंदीर, जंत आणि कोथिंबीर

उंदराच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत राहणारा एक जंत आहे, अँजिओस्ट्रॉन्जिलस कॅन्टोनेन्सिस. 1935 साली चीनमधल्या कँटनच्या उंदरांत तो प्रथम सापडला, म्हणून हे नाव. त्याच्या अळ्या उंदराच्या लेंडीतून बाहेर पडतात, गोगलगाय लेंडी खाते, अळ्या तिच्या मांसात वाढतात, उंदीर ती गोगलगाय खातो आणि चक्र पुरं होतं. माणूस यात चुकून सापडतो. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय पोटात गेली, किंवा पालेभाजीत लपलेलं तिचं इवलंसं पिल्लू कच्चंच चावलं गेलं, तर अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून तिथे मरतात आणि मेंदूच्या आवरणाला सूज येते.

हा धोका आपल्या भागात पुस्तकी नाही. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये 1899पासून असलेल्या हाफकिन संस्थेतल्या संशोधकांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला मध्य मुंबईतल्या उंदीर-घुशींमध्ये हा जंत असल्याचं नोंदवलं आहे. त्यांनी पाहिलेला भाग म्हणजे आपलीच वस्ती. मोरीत येणारी काळी, बिनशंखाची गोगलगायही हा जंत वाहू शकते, म्हणून तिलाही उघड्या हाताने उचलू नका.

घाबरून जायचं कारण नाही. गोगलगायीला नुसता हात लागला म्हणून हा आजार होत नाही. अळी तोंडावाटे पोटात जावी लागते. तेव्हा काळजी हातांची आणि ताटाची घ्यायची. गोगलगाय, तिचा चिकट माग किंवा कुंडीची माती हाताळल्यावर साबणाने हात धुवा, नखांत माती राहू देऊ नका. लहान मुलं शंख गोळा करतात, खिशात ठेवतात, मग त्याच हाताने वडापाव खातात. त्यांना ओरडण्यापेक्षा रिकामा शंखसुद्धा धुतल्याशिवाय घरात आणायचा नाही, एवढं पक्कं शिकवा.

कोथिंबीर, पुदिना, पातीचा कांदा आपण कच्चा खातो. जुडी तशीच पाण्यात बुचकळून काढणं पुरेसं नाही. देठ सुटे करून वाहत्या नळाखाली पान न् पान धुवा. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने अळ्या मरतातच असं नाही, त्यावर विसंबू नका. शिजवलेल्या भाजीला मात्र हा धोका नाही. पावसाळ्याचे चार महिने बाहेरची हिरवी चटणी टाळली तर उत्तम.

एक गोष्ट आपल्या घराघरांतली आहे आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. तुळशीची कुंडी ही गोगलगायीला आवडणारी जागा आहे. रोज पाणी, सावली, माती कायम ओली. त्याच तुळशीचं पान आपण नैवेद्यावर ठेवतो, तीर्थात घालतो आणि कच्चंच खातो. पान खुडलं की आधी नळाखाली दोन्ही बाजूंनी धुवा. गणपतीत दादरच्या फुलबाजारातून आणलेल्या दूर्वांच्या जुड्या, पत्री, केळीची पानं यांतही पिल्लं येतात. आणल्याबरोबर गॅलरीत झटका, धुवा आणि धुतलेलं पाणी कुंडीत ओतू नका.

पावसाळ्यात एखाद्याला अनेक दिवस न थांबणारी तीव्र डोकेदुखी, मान ताठ होणं, उलट्या, अंगावर मुंग्या किंवा त्वचेला स्पर्श न सोसणं असं झालं, तर डॉक्टरांना कच्च्या पालेभाजीबद्दल आणि गोगलगायींबद्दल आपणहून सांगा. पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन आठवडे जातात, त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्याशिवाय रुग्णाला तो धागा आठवत नाही. बहुतेक माणसं बरी होतात, क्वचित प्रकरण गंभीर होतं. घरगुती जंताचं औषध आपल्या मनाने घेऊ नका.

वेचणी

आता मुख्य काम. सगळ्यांत चांगला महिना मे. पावसाच्या आधी इमारतीत एक रविवार ठरवा. सगळ्या कुंड्या उचलून बूड बघा, पत्रे, फुटक्या लाद्या, जुनी दारं, पाण्याच्या टाकीमागची अडगळ हलवा. पडदा ओढून बसलेली गोगलगाय जागची हलत नाही, लपत नाही, हाताने सुटून येते. मे महिन्यात वेचलेली प्रत्येक मोठी गोगलगाय म्हणजे जुलैतली काही शे अंडी वाचली. एवढ्या कमी कष्टात एवढा फायदा पुढे कोणत्याही महिन्यात होत नाही. सोसायट्या हे काम दिवाळीच्या साफसफाईवर ढकलतात, आणि तिथेच पावसाळा हातचा जातो.

पाऊस सुरू झाला की काळोख पडल्यावर, साधारण आठ ते अकरा, आणि सकाळी उजाडायच्या आधी फेरी मारायची. हातमोजे किंवा लांब चिमटा, बॅटरी, झाकणाची बादली. पहिला महिना रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. फेरीला जोड म्हणून आमिष ठेवा. मराठवाड्यात 2022 सालच्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे या गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं जमिनीलगत खाऊन टाकली. शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली आणि सरकारला खास मदत जाहीर करावी लागली. तिथल्या शेतकऱ्यांना कृषी विभागाने सांगितलेला उपाय आपल्या अंगणालाही लागू पडतो. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी भिंतीलगत पसरायचं. खाली कोबीची बाहेरची पानं किंवा पपईची सालं टाकायची. कोबीची पानं भाजीवाला फुकट देतो. सकाळी गोणपाट उलटलं की खाली गोगलगायी गोळा झालेल्या असतात. हे गोणपाट दिवसभर पडून राहू देऊ नका, नाहीतर तेच त्यांचं घर होतं.

वेचलेल्या गोगलगायी पायाखाली चिरडू नका. अंगातला द्रव आणि अंडी तिथेच सांडतात, दुर्गंधी आणि माश्या येतात. सर्वांत झटपट आणि कमी क्लेशाचा मार्ग म्हणजे बादलीत उकळतं पाणी ओतणं. ते शक्य नसेल तर मिठाचं किंवा साबणाचं दाट पाणी करून रात्रभर झाकून ठेवा. जिवंत गोगलगायीवर मीठ शिंपडत बसू नका. तो जीव तडफडतो आणि मीठ कुंडीच्या मातीत उतरून झाडही मरतं. मेलेल्या गोगलगायी दीड-दोन फूट खोल पुरा. जागा नसेल तर दुहेरी पिशवीत घट्ट बांधा आणि सफाई कामगाराला आत काय आहे ते सांगा. त्याचे हात बहुतेक वेळा उघडे असतात. रिकामे शंख फोडून टाका, कारण त्यात पावसाचं पाणी साचून डेंग्यूच्या डासांची पैदास होते.

अंड्यांसाठी दर पंधरा दिवसांनी कुंड्यांच्या कडेची माती दोन-तीन इंच खुरप्याने उकरा. घोस सापडला की मातीसकट काढून उकळत्या पाण्यात टाका. या खुरप्याच्या कामाला लोक कंटाळतात, पण एका घोसात पुढच्या दोनशे गोगलगायी असतात.

विषाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या शेतात वापरतात, चाळीच्या चौकात त्या नकोत. गोळ्यांना कुत्री-मांजरं भुलतात. त्यांना थरथर आणि झटके येतात आणि वेळेत उपचार न मिळाल्यास ती दगावतात. जमिनीवर खेळणारी मुलं आहेतच. कोणी आधीच टाकल्या असतील आणि प्राण्याने खाल्ल्याचा संशय असेल, तर वाट न पाहता परळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात न्या आणि गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या. आपल्या भागातल्या बागांतून भारद्वाज अजून दिसतो. तो या गोगलगायी खातो, शंख फोडून. विष टाकलं तर आधी तोच जाईल.

चुन्याच्या भुकटीचा पट्टा शेताच्या बांधावर सांगतात. कोरडा, तिखट चुना तिच्या अंगाला झोंबतो म्हणून ती पट्टा ओलांडत नाही. पण मुंबईच्या पावसात तो पट्टा तासाभरात वाहून जातो, आणि जुना विरलेला चुना ती चक्क खाते. छपराखालच्या गॅलरीत, पाऊस न लागणाऱ्या उंबऱ्यावर तो चालेल. अंगणात वेळ घालवू नका.

दुसरी एखादी शिकारी गोगलगाय आणून सोडावी असं कोणी सुचवलं तर ठाम नकार द्या. 1955 साली हवाईत याच हेतूने अमेरिकेतली मांसाहारी गोगलगाय आणली गेली. तिने आफ्रिकन गोगलगाय संपवली नाही, स्थानिक जातींचा फडशा पाडला. नंतर पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावरही तसंच झालं, तिथल्या झाडांवरच्या गोगलगायींच्या जाती जंगलातून नाहीशा झाल्या.

माती येते त्या वाटा

नर्सरीतून रोप आणलं की थेट जुन्या कुंड्यांत मांडू नका. काळ्या पिशवीचं बूड आणि वरची माती बघा, पिशवी बाजूला काढून मुळांभोवतीचा गोळा तपासा, आणि तीन आठवडे ते रोप एका कोरड्या, वेगळ्या ठिकाणी ताटलीत ठेवा. अंडी असतील तर तेवढ्यात फुटून पिल्लं वर येतात. लाल मातीची किंवा शेणखताची गोणी घेतली तर उन्हात ताडपत्रीवर पातळ पसरून चांगली वाळवा, म्हणजे अंडी सुकून मरतात. मेमध्ये आणून वाळवून ठेवलेली माती पावसाळ्यात वापरणं सगळ्यांत चांगलं.

2017पासून मोठ्या गृहसंकुलांना ओल्या कचऱ्याचं खत आवारातच करावं लागतं. हे चांगलं काम आहे, ते थांबवू नका, पण खताचे ड्रम जमिनीवर टेकवू नका, विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा, झाकण घट्ट असू द्या आणि भोवतीची जागा कोरडी ठेवा. ढीग आत चांगला तापला तर अंडी मरतात, कडेची थंड बाजू मात्र सुरक्षित राहते, म्हणून ढीग वरखाली करत राहा. निर्माल्यातल्या हारांचा ढीग थेट खतात जातो. त्यातून पिल्लं येतात हे लक्षात ठेवून ढीग आधी दोन दिवस उन्हात ठेवा. तयार खत चाळल्याशिवाय रहिवाशांना वाटू नका. एका इमारतीच्या खतातून पंधरा घरांच्या गॅलऱ्यांत ही गोगलगाय पोहोचते.

आणि मुंबईकराची खास वाट कोकणाची. लालबाग-परळ-गिरगावातले चाकरमानी गणपतीला गावी जाताना गॅलरीतली गुलाबाची, सोनचाफ्याची, मनीप्लांटची कुंडी गाडीत घालून नेतात आणि येताना अनंत, अबोली, सुपारीची रोपं मातीसकट आणतात. हा सगळा व्यवहार भर पावसाळ्यात होतो, म्हणजे मातीत अंडी असण्याच्या नेमक्या दिवसांत. गावाला परसातल्या पपया, केळी, काकडी-पडवळाचे मांडव आणि भाजीचे वाफे आहेत. ही गोगलगाय पाचशेहून जास्त जातींच्या वनस्पती खाते, तिथे तिला काही कमी पडणार नाही. एकदा ती परसात रुजली की तिथे वेचायला उरणार दोन म्हातारी माणसं.

तेव्हा गावाला जाताना कुंडी नको. गुलाबाची काडी न्या, चाफ्याची फांदी न्या, बिया न्या. मातीशिवाय जगणार नाही असं रोप असेल तर मुळं बादलीत पूर्ण धुऊन, सगळी माती काढून, ओल्या फडक्यात गुंडाळून न्या आणि गावच्या मातीत लावा. ते धुतलेलं गढूळ पाणी झाडांना घालू नका, उकळत्या पाण्यात मिसळून मोरीत सोडा. येताना तिकडून आणलेल्या रोपांनाही हाच नियम लावा. एसटीच्या टपावर किंवा खासगी गाडीच्या डिकीत मातीची गोणी कोणी आणत असेल, तर त्याला हे सांगा आणि गोणी गावीच ठेवायला लावा.